शनिवारचं मौन

माझी सून माधवी दर शनिवारी जर्मनीतल्या एका लायब्ररीत बसून अभ्यास करते, असं तिच्या वडिलांना वाटत होतं. ती दर शनिवारी माझ्या मुलाबरोबर, म्हणजे आदर्शबरोबर, गाडीत बसून कुठल्या तरी नव्या गावाला जाते, हे मला माहीत होतं. आणि मी रोज सकाळी सहाला पंचशील घेते. यातली अडचण लगेच लक्षात आली नसेल तर सांगते, चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे.

बाकीची चार मला कधी जड गेली नाहीत. चोरी, दारू असल्या गोष्टींचा आमच्या हैदराबादेतल्या विद्यानगरच्या फ्लॅटमध्ये प्रश्नच येत नाही. जीव मारायचा नाही, म्हणून झुरळांना मी केरसुणीनं बाल्कनीपर्यंत पोचवते, पुढं ती आपापली जातात. बहुधा खालच्या मजल्यावर कुसुमताईंकडे जातात, पण त्याबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. आता विचार करते तेव्हा वाटतं, न सांगण्याची सवय मला तिथूनच लागली असावी.

लपवायची ही कल्पना माझी नव्हे. पहिल्यांदा दोघं एका तळ्याकाठच्या गावाला गेली तेव्हा सगळ्यांना सांगून गेली होती. परतीची शेवटची बस चुकली, दोघांचेही फोन बंद पडले, आणि ती तिथंच मुक्कामाला राहिली. इकडे दिलसुखनगरात आमचे व्याही किशनराव जागेच. किशनराव बस डेपोत कंट्रोलर होते. एखादी बस पाच मिनिटं उशिरा आली की ‘कुठं आहे ती?’ असं विचारण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर विचारायला बस उरली नाही, एक मुलगी तेवढी उरली. त्यांनी आधी पोरांच्या घरमालकाला फोन केला, मग माधवीच्या विद्यापीठाला, मग दिल्लीतल्या जर्मन दूतावासाला. सोमवारी माधवीला विद्यापीठाच्या ऑफिसात बोलावून एका बाईनं पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं, ‘तुझ्या घरी सगळं ठीक आहे ना?’

त्या दिवशी माधवीनं ठरवलं, पप्पांना सांगायचं नाही.

"आई, मी तुम्हाला सांगत जाईन," ती मला म्हणाली. "तुम्ही परेशान होत नाही ना."

हे साफ खोटं होतं. पण ते ती बोलली होती, मी बोलले नव्हते, म्हणून मी गप्प राहिले. मी परेशान होते, फक्त आवाज न करता होते. शुक्रवारी संध्याकाळी आदर्श गावाचं नाव सांगायचा. शनिवारी पहाटे बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून मी त्या गावाच्या दिशेनं मैत्री, म्हणजे ‘सुखी असा’ ही ध्यानातली भावना, पाठवायची. गावाचं नाव नीट उच्चारता आलं नाही तर ती भलत्याच गावी जाईल की काय, ही एक वेगळी काळजी. ‘पोचलो’ असा निरोप येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नसे. म्हणून मला एकाच गोष्टीची भीती होती: माझ्याकडून वाच्यता झाली तर माधवी मलाही सांगायचं बंद करील. मग शनिवारी माझी दोन माणसं या पृथ्वीवर नेमकी कुठं आहेत, हे मला कोण सांगणार?

आणि किशनराव दर शनिवारी बरोबर दहा वाजता मला फोन करत. मुलीचा फोन लायब्ररीत बंद असतो ना, म्हणून.

"जय भीम, विहीणबाई. माधवी बसली असेल ना अभ्यासाला?"

पहिल्या शनिवारी मी म्हटलं, "जय भीम, भाऊ. पोरगी फार हुशार आहे." हे खरं होतं. दुसऱ्या शनिवारी म्हटलं, "तिकडं आज ऊन पडलंय म्हणे." हेही खरंच. तिसऱ्या शनिवारी मला खोकला आला. तो सुरुवातीला खरा होता, नंतर मी तो थोडा लांबवला, आणि त्या एका खोकल्यापायी मी दुपारी अर्धा तास जास्त ध्यानाला बसले.

चौथ्या शनिवारी फोन आमच्या ह्यांनी घेतला. हे टेलिफोन खात्यात होते, त्यामुळं फोनवर आपल्याला कोणी हरवू शकत नाही असा नामदेवरावांचा समज आहे. "तू नको बोलू," म्हणाले. "मी निभावून नेतो."

आणि मी शेजारी उभी राहून ऐकलं.

"हौ, हौ, लायब्ररीतच. तिसऱ्या मजल्यावर. खिडकीजवळ."

पलीकडून काहीतरी विचारणा झाली.

"नाही, वारा नाही लागत. काच बंद असते. शिवाय हिरवा स्वेटर घातलाय तिनं. तुम्ही बिलकुल फिकीर करू नका."

मी हातवारे करून ‘पुरे’ म्हणत होते, आणि हे त्या स्वेटरला खिसे लावत होते. दुसऱ्या दिवशी किशनरावांनी मुलीला विचारलं, ‘हिरवा स्वेटर कधी घेतलास? व्हिडिओवर दाखव.’ बिचारीला सोमवारी जाऊन हिरवा स्वेटर विकत आणावा लागला, तोही खिशांचा.

माझ्या घरात, मेणबत्तीपासून सहा फुटांवर, माझ्या नावानं एवढं मोठं खोटं बोललं गेलं होतं. मला रात्रभर सुचेना. पहाटे मात्र एकदम आठवलं, विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात आर्य मौन असतं. बोलायचं नाही, खुणा नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. शनिवारी सूर्योदयापासून रविवारी सूर्यास्तापर्यंत मी मौन धरलं तर? खोटं बोलायला नको, खरं सांगायला नको. पोरं फिरून येतील, शील राहील, आणि साधनाही घडेल. इतका निर्मळ उपाय आपल्याला सुचला याचा मला थोडा अभिमान वाटला. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी दहाला ह्यांनी फोनवर सांगितलं, "तिचं आजपासून शनिवार-रविवार मौन आहे." आयुष्यात पहिल्यांदाच ते फोनवर एक वाक्य खरं बोलून थांबले. पलीकडून किशनराव भारावून म्हणाले, "वा! विहीणबाई म्हणजे विहीणबाई."

मौन घरात धरायला सोपं असतं. दारावरची घंटा वाजली की ते अवघड होतं.

कुसुमताई वर आल्या. त्या उदगीरकडच्या, शेतकरी घरातल्या, तीस वर्षं हैदराबादेत. त्यांच्याकडे प्रत्येक व्रताचा एक स्वतंत्र नियम असतो, आणि तो त्यांना ऐन वेळी सुचतो. "मौन धरलंय? छान केलं, सुमेधाताई. पण मौनात हिंग नक्को हं. आणि मौनात दुसऱ्यानं बोललेलं ऐकायला चालतं, विचारून घेतलंय मी." कोणाला विचारलं ते त्या बोलल्या नाहीत. लगेच खुर्ची ओढून बसल्या आणि आपल्या नणंदेबद्दल दीड तास बोलल्या. जाताना म्हणाल्या, "किती मोकळं वाटलं! तुम्ही कुणाला सांगणार नाही ना, म्हणून."

त्यांनी मात्र सांगितलं. मौनाच्या तिसऱ्या शनिवारपर्यंत अपार्टमेंटमधल्या सात घरांतली भांडणं माझ्याकडे जमा झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या शिल्पानं विचारलं, बाळाला पाळणाघरात ठेवून नोकरीवर परत जाऊ का? नेमका तेव्हा माझ्या पाठीला घाम आला म्हणून मी पंख्याकडे पाहिलं. "वर बघितलं ताईंनी," ती म्हणाली, "म्हणजे प्रमोशनपण मिळेल." ती सोमवारी कामावर रुजू झाली. तिच्या सासूबाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

बँकेची गोष्ट तर मी कुणाला सांगितली नसती. खात्याची व्हिडिओवर ओळख पटवायची होती आणि त्यांनी वेळ दिली शनिवारी अकराची. स्क्रीनवर एक तरुण अधिकारी आला.

"अम्मा, नमस्ते. आपका नाम बोलिए."

मी आधारकार्ड पुढं धरलं.

"कार्ड दिख रहा अम्मा, आप बोलो ना जी." मग तेच तेलुगूत, "माट्लाडंडी अम्मा." मग ‘आवाज येत नाही’ असं समजून त्यानं आपलेच हेडफोन बदलले. शेवटी नामदेवराव मागून डोकावून म्हणाले, "वो नहीं बोलतीं. शनिवार है."

अधिकाऱ्यानं बराच वेळ आमच्या दोघांकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं, की हे गृहस्थ बायकोला बोलू देत नाहीत. त्यानं हळूच विचारलं, "अम्मा, आप खुशी से बैठे ना? कुछ परेशानी है तो हाथ उठाओ." खुणाही निषिद्ध, म्हणून मी हात मांडीवर घट्ट दाबून बसले. दोन दिवसांनी बँकेचं पत्र आलं: ‘ग्राहक प्रतिसाद देत नाही. खाते तात्पुरते स्थगित.’ हे पत्र मी माझ्या मौनाचं पहिलं फळ म्हणून कपाटात ठेवलं आहे.

इतकं सगळं मी सोसलं असतं. पण एक दिवस विहारातल्या उपासिका मंडळाच्या बायका आल्या. त्यांनी ठराव केला होता, सुमेधाताईंच्या मौन साधनेबद्दल त्यांचा सत्कार करायचा. कार्यक्रम शनिवारी पाचला, म्हणजे सगळ्यांना मौन प्रत्यक्ष बघायला मिळेल. त्यासाठी एक फॉर्म होता. मौनाचे एकूण तास, मौनाचा उद्देश, साक्षीदाराची सही. तास मी भरले. साक्षीदार म्हणून कुसुमताईंनी मोठ्या आनंदानं सही केली. ‘उद्देश’ या रकान्यापुढं मी तीन दिवस पेन धरून बसले. मुलाच्या सहली, असं कसं लिहू? शेवटी रकाना कोरा ठेवला. मंडळाच्या अध्यक्षा तो कोरा रकाना सगळ्यांना दाखवत म्हणाल्या, "बघा, उद्देशाचीसुद्धा आसक्ती नाही."

मी नको नको म्हणत होते. तो मंगळवार होता, बोलायला मोकळीक होती, पण माझ्या आवाजात नकार कधी कुणाला ऐकूच येत नाही. आणि त्यांनी प्रमुख पाहुणे ठरवले होते किशनराव.

त्या शनिवारी पोरं डोंगरावर गेली होती. आल्प्सचा डोंगर. रोपवेनं वर जायचं, बर्फ बघायचं आणि परत यायचं. आदर्श म्हणाला होता, "आई, तुझ्या साडेतीनपर्यंत मेसेज करतो. टेन्शन नको घेऊ, प्लीज." साडेतीन वाजले. चार वाजले. साडेचारला मी पांढरी साडी नेसून रिक्षात बसले, पदराखाली फोन धरला, आणि मैत्री पाठवायला लागले. नारायणगुड्याच्या सिग्नलला लक्षात आलं, की आपण मैत्री पाठवत नाही, नुसतंच ‘उचला फोन, उचला फोन’ म्हणतोय.

विहार भरला होता. पहिल्या रांगेत आमचे हे, शेजारी कुसुमताई. विहीणबाई विमलाबाई गुडघ्यामुळं आल्या नव्हत्या. मला मंचावर मधल्या खुर्चीत बसवलं. वंदना झाली. अध्यक्षा बोलल्या. मी पदराआडून फोन बघितला. काही नाही. पाच वाजून दहा मिनिटं झाली.

किशनराव उठले. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. "बंधू-भगिनींनो," ते म्हणाले, "मुलीला परदेशात पाठवणाऱ्या बापाला झोप नसते. पण मला आहे. कारण माझ्या विहीणबाई. आत्ता जर्मनीत दुपारचे पावणेदोन वाजत आहेत. माझी माधवी या क्षणी लायब्ररीत बसली आहे. ज्या घरात एवढी सत्यनिष्ठ बाई आहे, त्या घराचा शब्द मी डोळे मिटून मानतो. मी निश्चिंत आहे."

टाळ्या पडल्या. त्यांनी शाल उघडली आणि माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा खरोखर निश्चिंत होता. माझ्या लक्षात आलं, मी दोन महिने एक शब्दही खोटा बोलले नाही आणि तरी हा माणूस माझ्याच जिवावर फसला आहे.

मी उठले आणि माइक घेतला.

"भाऊ, माधवी लायब्ररीत नाही."

पहिला आवाज कुसुमताईंचा. "अगं बाई, बोलल्या!"

मागच्या रांगांना वाटलं, मौन सोडण्याचा विधी सुरू झाला. टाळ्यांचा नुसता कडकडाट. त्या गडबडीत एका बाईंनी माझ्या गळ्यात हार घातला. हारातून माइक वर काढत मी पुढं बोलले, "ती डोंगरावर आहे. आदर्शबरोबर. दर शनिवारी कुठंतरी जातात दोघं. मला माहीत होतं. तुम्हाला सांगावं लागू नये म्हणून मी मौन धरलं. आज साडेतीनला निरोप यायचा होता, तो आलेला नाही."

टाळ्या हळूहळू थांबल्या. मागून दोन माणसं मात्र अजून वाजवत होती.

मला वाटलं, किशनराव ओरडतील. ते खुर्चीत बसले, शाल मांडीवर ठेवली आणि डेपोतल्या आवाजात विचारलं, "कुठला डोंगर?"

मी नाव सांगितलं, जमेल तसं.

"उंची?"

मला माहीत नव्हती. पहिल्या रांगेतून नामदेवराव म्हणाले, "अडीच हजार मीटर. फार काही नाही, आणि वर रेलिंग आहे."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. माइक चालूच होता. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण चारशे माणसांसमोर ह्यांना असं मी कधी बोलले नव्हते.

किशनरावांनी फोन काढला. दूतावासाचा नंबर त्यांनी ‘माधवी दोन’ या नावानं ठेवला होता. शनिवार असल्यामुळं पलीकडं नुसतं संगीत वाजत राहिलं. ते संगीत स्पीकरवर लावून, दोन्ही फोन मधल्या स्टुलावर ठेवून, आम्ही दोघं मंचावर बसून राहिलो. खाली अध्यक्षांनी समोसे वाटायला सुरुवात केली, कारण ते गार होत होते. मला समोसा दिसत होता आणि आदर्श लहानपणी समोशातले वाटाणे काढून ठेवायचा ते आठवत होतं.

पाच चाळीसला माझा फोन वाजला.

‘आई सॉरी. रेंज नव्हती. रोपवे बंद पडला, चालत उतरलो. आता खाली. भूक लागलीय.’ खाली फोटो. दोघं एका दगडावर बसलेली, नाकं लाल, माधवी तोंड उघडं टाकून हसत होती.

मी रडले. किशनरावांनी माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो मोठा करून पाहिला.

"बूट भिजलेत हिचे," ते म्हणाले.

मग म्हणाले, "आणखी आहेत?"

मी दाखवले. तळं, पूल, चर्च, पुन्हा तळं, एक बकरी. प्रत्येक फोटोवर ते थांबत. "इथं काय खाल्लं?" "हे कुठल्या गाडीनं?" बकरीजवळ ते जास्त थांबले. "गेल्या वर्षभरात हिचा हसतानाचा एक फोटो मला आला नाही," ते म्हणाले. "मला वाटायचं, करमत नसेल पोरीला." मग खिशातली पेनं उगाच सारखी केली. "मीच लायब्ररीत बसवून ठेवली होती, नाही का?"

शाल त्यांनी मला दिली नाही. दोघांच्याही ते लक्षात राहिलं नाही. जाताना जिन्यात मात्र थांबून म्हणाले, "विहीणबाई, हे आमच्या हिला सांगू नका. तिला बीपी आहे."

रविवारी माधवीचा फोन आला. बातमी तिच्यापर्यंत कुणी पोचवली ते मी विचारलं नाही. समोसे खाल्लेले सगळेच संशयित होते.

"आई, तुम्ही पप्पांना सांगितलं?"

"हो, बाळा."

"माइकवर?"

"हो."

"ओके," ती म्हणाली. आणि फोन ठेवला. मला राग चालला असता. तिचा तो ‘ओके’ मी आठवडाभर सगळ्या घरभर घेऊन फिरले. मौनाची मुदत संपवून टाकली होती, पण माझ्याशी बोलायला आता कुणी नव्हतं. बायकाही वर येईनाशा झाल्या. माइकवर बोलणाऱ्या बाईला गुपित कोण सांगणार?

शुक्रवारी संध्याकाळी आदर्शचा फोन आला नाही. मीच केला. "बिझी आहे आई, नंतर बोलू," म्हणाला. गावाचं नाव नाही. शनिवारी पहाटे मेणबत्ती लावली आणि तिच्यापुढं नुसतीच बसले. सगळ्या युरोपला मैत्री पाठवून पाहिली. ती पातळ होत होती. हे म्हणाले, "काहीतरी खा." मी चहाचा कप हातात घेतला आणि ठेवला.

बरोबर दहाला फोन वाजला.

"जय भीम, विहीणबाई." किशनरावांचा आवाज दबलेला, पण त्यात डेपोची जुनी ऐट होती. "लिहून घ्या. सहा चाळीसची गाडी. फलाट नंबर सहा. दोन ठिकाणी बदल. नदीकाठचं गाव आहे, किल्ला आहे. बूट सुके आहेत, मी फोटो मागवला."

"तुम्हाला कुणी सांगितलं, भाऊ?"

"माधवीनं. काल मीच म्हटलं, बाई, जा, फक्त मला सांगून जा. दर अर्ध्या तासाला कळव म्हटलं. ती म्हणाली दिवसातून एकदा. तीनदावर मिटलं. म्हणाली, आईंना तुम्हीच सांगा, पप्पा. त्यांना आम्ही सांगितलं की त्यांना ते गुपित म्हणून जपावं लागतं. त्यांनी फार सोसलंय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला, कारण पहिला ओला झाला होता. मग न राहवून विचारलं, "विमलाबाईंना सांगितलंत ना आता तरी?"

पलीकडं लांबून विमलाबाई, "कुणाचा फोन आहे हो?"

"विद्यानगरचा," किशनराव तिकडं म्हणाले. "पेन्शनच्या कागदाचं विचारतायत." आणि पाठोपाठ मला, मोठ्यांदा, "हौ हौ, विहीणबाई! दोन झेरॉक्स लागतील! फोटो मागं सही करून!"

सकाळचं शील घेऊन चार तास झाले होते. फोन ठेवायला हवा होता, हे मला कळत होतं. पण सहा नंबरच्या फलाटावरून ती गाडी सुटली की नाही, ते अजून त्यांनी सांगितलं नव्हतं.

"झेरॉक्स दोन की तीन, भाऊ?" मी विचारलं.